सव्वासहाचा दिवा

एजंट म्हणजे विम्याचे का, असं शेजारच्या रंगुबाईंनी कृपाला दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा कृपाने नाही म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वेळा रंगुबाई म्हणाल्या, "मग बरं हाय. विम्याचं लई मागं लागत्यात." राहुरीत विद्यापीठाच्या रस्त्याला दोन खोल्यांच्या घरात बसून ही पोरगी दिवसभर संगणकावर काय बडवते, हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तेव्हा आपणच सांगून टाकू.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने 'नाडी' नावाचं एक साधन तयार केलं होतं. हल्ली संगणकावरची कामं परस्पर उरकणारे जे एआय एजंट आलेत, त्यांच्यासाठी. एजंट हुशार असतो, पण आपण ज्या यंत्रावर बसलोय त्याला काय दुखतंय हे त्याला आपणहून कळत नाही. डिस्क भरलीय का, मेमरी पुरतेय का, नेटवर्क पलीकडच्या यंत्रापर्यंत पोचतंय का, हे नाडी तपासून सांगायची. ती कशी वापरायची याची पुस्तिका लिहायचं काम कृपाकडे होतं. म्हणजे तिचे वाचक माणसं नव्हतीच, एजंट होते.

आणि हा वाचक फार वेगळा. माणसाच्या हाती पुस्तिका दिली तर तो ती कपाटावर टाकतो आणि बटणं दाबत सुटतो. एजंट शब्द न् शब्द वाचतात आणि लिहिलंय तस्संच करतात. 'उदाहरणार्थ' म्हटलं तरी तो हुकूमच समजतात. शिवाय एवढंसं काही हाती लागलं की त्यावरून भलतं मोठं काहीतरी ठरवून मोकळे होतात. त्यामुळे कृपाला सगळं बजावून लिहावं लागे. 'पिंग' करणं म्हणजे दुसऱ्या यंत्राला नुसतं 'आहेस का?' विचारणं. ते चालू असेल तर 'आहे' म्हणतं, बस्स. त्या प्रकरणात तिने लिहिलं होतं: "उत्तर आलं, तर यंत्र चालू आहे एवढंच समजावं. त्याहून जास्त काही समजू नये. उत्तर आलं नाही, तर पलीकडे कुणी नाही असंही समजू नये. थोडं थांबावं आणि पुन्हा विचारावं."

सांगण्याप्रमाणे स्वतः वागणारे लेखक मात्र विरळाच. रोज सकाळी सव्वासहाला कृपा स्वतःच एका यंत्राला 'आहेस का?' विचारायची, आणि 'आहे' आलं की त्यातून नको ते सगळं समजून बसायची.

ते यंत्र राजूरला होतं. संगमनेर-अकोल्याच्या पुढे, डोंगरात. सम्राटच्या घरी.

दहा वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या हवामानाच्या एका प्रकल्पावर दोघं कामाला होती. सम्राट पाऊस मोजायची, माती किती ओली आहे ते सांगायची यंत्रं बनवायचा आणि कृपा त्यांच्या पुस्तिका लिहायची, शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात दोघांची नावं असत. यंत्र: सम्राट. लेखन: कृपा. "तू लिहिलंस की मला कळतं मी काय बनवलंय ते," असं तो म्हणायचा. चेष्टेत म्हणायचा, पण कृपा ते घरी घेऊन जायची आणि रात्रभर पुरवायची.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. राजूरला सम्राटचे वडील जालिंदर गेले आणि त्याची आई घरात एकटी पडली. इकडे कृपाच्या वडिलांना, थॉमस गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. मिशनच्या शाळेत चाळीस वर्षं खडू धरलेला उजवा हात लुळा पडला. सम्राट म्हणाला, राजूरला चल. कृपा म्हणाली, पप्पांना कुठे ठेवू? तो म्हणाला, त्यांनाही घेऊन चल. ती म्हणाली, दवाखाना इथे, चर्चची मंडळी इथे, आईची कबर इथे, ते नाही येणार. तू इथे राहा. तो म्हणाला, आणि आई? दोघंही खरं बोलत होती, म्हणून तर मिटेना. खोटं असतं तर कुणीतरी माघार घेतली असती.

शेवटचं भेटले ते बसस्टँडवर. पिशवी खांद्याला लावून सम्राट म्हणाला, "फोन केलास तर बोलावं लागेल, आणि बोललं की आपण भांडणार. घरी छपरावर पावसाचं यंत्र लावलंय, त्याची डबी खाली खोलीत चोवीस तास नेटवर चालू असते. तिचं नाव लिहून घे. माझी आठवण झाली तर तिला विचार. ती भांडत नाही." तिकिटाच्या मागे त्याने नाव लिहून दिलं: राजूर-घर.

याला सात वर्षं झाली. थॉमस गुरुजींच्या घरात सहाला प्रार्थना असायची. ते अंथरुणाला खिळले तरी चुकली नाही, आणि दीड वर्षापूर्वी ते गेल्यावरही कृपाने ती चुकवली नाही. सव्वासहाला आमेन म्हणायचं आणि संगणक उघडून राजूर-घरला विचारायचं. एकदाच. जास्त विचारलं तर चिकटपणा वाटेल, असं तिला वाटे. यंत्राला काय वाटणार! पण वाटे. प्रार्थनेचं उत्तर कधी येईल ते सांगता येत नाही. हे मात्र अठ्ठेचाळीस मिलिसेकंदात यायचं. उत्तर आलं की तिला दिसायचं, सम्राट उठलाय, छपरावर चढून यंत्राची गाळणी साफ करतोय, हाताला शेवाळ लागलंय. वडील गेल्यावर आता तिला अडवणारं कुणी नव्हतं, आणि तेच अवघड होऊन बसलं होतं. इतकी वर्षं 'पप्पा आहेत' हे कारण होतं. आता फोन करायचा तर काय म्हणून करायचा? सात वर्षांनी माणूस काय बोलतं? तो फेसबुक-बिसबुकवर कधीच नव्हता, विद्यापीठातली मंडळी पांगली होती. म्हणून ती रोज डबीलाच विचारत राहिली.

आता चूक कशी झाली ते ऐका.

पिंगच्या प्रकरणात एक नमुना द्यायचा होता. आज्ञा अशी लिहा, उत्तर असं दिसेल. या धंद्यात साधा नियम आहे की नमुन्यात कुणाचं खरं नाव, खरा पत्ता घालायचा नाही. त्यासाठी वेगळी राखून ठेवलेली खोटी नावं असतात. कृपाला हे माहीत नव्हतं असं नाही, नवख्यांना तीच शिकवायची. पण त्या सोमवारी तिच्या पडद्यावर सकाळचं उत्तर तसंच होतं. राजूर-घर, आहे, अठ्ठेचाळीस. तिने ते उचललं आणि नमुन्यात चिकटवलं. नंतर बदलू म्हणाली. मग वाचून पाहिलं, आणि बदलवेना. किती वर्षांनी त्याचं यंत्र आणि तिचं लिखाण एका पानावर आलं होतं!

पुण्याहून तिचं लिखाण तपासणाऱ्या माधुरीने विचारलंही, "हे राजूर-घर खरं आहे का गं?"

"नाही गं, नमुन्याचंच आहे," कृपा म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाजसुद्धा हलला नाही, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

मंगळवारी पुस्तिका जाहीर झाली. बुधवारी सव्वासहाला राजूर-घरने उत्तर दिलं, पण धापा टाकत दिलं, अठ्ठेचाळीसच्या जागी नऊशे. गुरुवारी उत्तर आलंच नाही.

ती थांबली. पुन्हा विचारलं. थांबली, पुन्हा विचारलं. चहा निवून त्यावर साय धरली. लाइट गेली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण लाइट सात वर्षांत शंभरदा गेली होती आणि सम्राटने डबीला बॅटरी जोडून ठेवली होती. मग तिच्या मनात जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी माधुरीचा फोन आला. "कृपा, राजूरला कसली जत्रा आहे गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे जगातले सगळे एजंट तिकडेच निघालेत. नेटवर्क जरा हळू वाटलं की आधी तुझा नमुना जसाच्या तसा चालवून बघतात. दिवसाला साठ-सत्तर हजार. तू तर म्हणालीस खोटं नाव आहे."

कृपाला हुंदका आला, तो माधुरीला ऐकू गेला. माधुरी चेष्टा थांबवून म्हणाली, "कुणाचं घर आहे ते?" तेव्हा कृपाने सगळं सांगितलं, बसस्टँडपासून.

माधुरी खरी मैत्रीण. तिने ना उपदेश केला, ना वर तक्रार. दोघींनी मिळून नमुना बदलला. ज्यांनी जुनी पुस्तिका घेऊन ठेवली होती त्या एजंटांचं काय, म्हणून माधुरीने नाडीतच सोय केली की हे नाव दिलं तर विचारायचंच नाही. शनिवार सकाळपर्यंत जत्रा उठली. राजूरकडे जाणारा रस्ता मोकळा झाला, आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून कृपाने सव्वासहाला, नाडीशिवाय थेट, विचारलं. उत्तर नाही.

सात वर्षं एक धागा जपला आणि स्वतःच्याच हाताने तोडला. त्याने मुद्दाम बंद केलं असेल तर? वैतागून? त्याला काय कळणार की या साठ हजारांत एक विचारणा आपली आहे? रविवारी तिने उपासनेला जायचं सोडून पहाटेची संगमनेरची गाडी धरली.

संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर. अकोल्याच्या पुढे गाडी डोंगर चढू लागली तशी हवा बदलली. भाताची खाचरं पोपटी झाली होती. कृपा दर वळणाला मनात वाक्य जुळवत होती आणि पुढच्या वळणाला खोडत होती. राजूरला उतरून तिने जालिंदर मिस्त्रींचं घर विचारलं. लोकांनी बोटाने दाखवलं, छपरावर तो पांढरा डबा हाय ना, तेच.

दार उघडंच होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची, आणि खाली जमिनीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. कृपाच्या घरात तिचे वडील 'सलाम' म्हणत. कृपा सम्राटकडून शिकलेलं म्हणाली, "जय भीम, आई."

"जय भीम. कोन पायजे?" सम्राटच्या आईने, भिमाबाईंनी, डोळ्यांवर हात आडवा धरून पाहिलं.

"मी राहुरीहून आलेय. ती पावसाची डबी बंद पडलीय ना, तिच्यासाठी."

"या बया! सम्राटनं धाडलं का तुला? मी तर त्याला अजून सांगितलंबी न्हाई."

"सम्राट... घरात नाही?"

"तो कुठला घरात! चार वर्सं झाली बंगळूरला. मीच लावून दिला त्याला. म्हनलं, म्हातारीपाशी बसून तुझं शिक्षान कुजवू नको."

कृपाने दाराची चौकट धरली. चार वर्षं. चार वर्षं तो छपरावर चढत नव्हता, शेवाळ काढत नव्हता. उत्तर आलं तर यंत्र चालू आहे एवढंच समजावं, हे तिनेच तर लिहिलं होतं. ती एका रिकाम्या खोलीला विचारत होती, आणि खोली इमानाने 'आहे' म्हणत होती.

"बस ना. अशी पांढरी का पडलीस?" भिमाबाईंनी तांब्या पुढे केला आणि मग डबीपाशी नेलं. कोपऱ्यातल्या फळीवर ती होती. वरून धुतलेलं फडकं नीट घडी करून घातलेलं, वायर काढून बाजूला ठेवलेली.

"मीच काढली," भिमाबाई अपराध्यासारख्या म्हणाल्या. "काय करू बाई? हिला हा हिरवा दिवा हाय बघ. पोरानं जाताना बसवून दिला. म्हनला, आई, हा रोज सकाळी एकदा लागंल. तेवढा बघत जा आन् डबी बंद पडू देऊ नको. आन् खरंच लागायचा. रोज, सव्वासहाला, एकदाच. मी तवाच चा टाकायचे. एकटीचं घर, सकाळी कोन बोलनार? पन हा लागला की वाटायचं, कुनीतरी दारातून डोकावून गेलं. उठलीस का म्हनून."

कृपाने दिव्यावरून बोट फिरवलं.

"आन् ह्या बुधवारी काय भानामती झाली की! दिवा थांबंच ना. दिस न्हाई, रात न्हाई, नुस्ता लुकलुक लुकलुक. डबी हाताला चटके द्यायला लागली. घर पेटंल म्हनून काढली वायर. तवापासनं सकाळचा चा ग्वाड लागत न्हाई बघ. आन् त्याला काय सांगू, याचा जीवाला घोर."

"कुणाला?"

"सम्राटला. रईवारी बाराला फोन येतो त्याचा. जेवलीस का, गुडघा कसा हाय, हे सगळं मागून. पयलं इचारनार, आई, दिवा लागला का? रोज लागला का? मी म्हनते लागला. मग त्याचा आवाज खुलतो. चार वर्सांत एक रईवार सोडला न्हाई. मला वाटतं डबी सरकारी हाय, बंद पडली तर त्याला बोलनी खावी लागत असतील."

कृपा फळीकडे तोंड करून उभी राहिली. डोळे पुसायला तिने ते फडकंच घेतलं. खोली रिकामी नव्हती. तिच्या एका प्रश्नावर इथे रोज चहा उकळत होता, आणि दर आठवड्याला बंगळूरला एक माणूस विचारत होता की ती अजून विचारते का. तिने वायर जोडली. डबी गुरगुरली, शांत झाली. हिरवा दिवा काळाच होता.

"थांबली का ती भानामती?" भिमाबाईंनी लांबूनच विचारलं.

"थांबली. माझ्याच चुकीने झालं होतं ते." कृपाने मोबाईल काढला. तिने राजूर-घरला विचारलं. एकदाच.

हिरवा दिवा लागला आणि विझला.

भिमाबाईंनी दिव्याकडे पाहिलं. मग कृपाच्या हातातल्या मोबाईलकडे. मग पुन्हा दिव्याकडे.

"तूच व्हय गं ती?"

कृपाने मान हलवली.

म्हातारीने तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. तळव्यांना तांदळाची भुकटी लागलेली होती. "एवढी वर्सं येतीस," ती म्हणाली, "आन् एकदा आत यायचं न्हाई व्हय?"

मग त्यांनी चहा टाकला. अकरा वाजून गेले होते, पण त्या म्हणाल्या, सव्वासहाचाच समज. दोघींनी तो डबीसमोर बसून घेतला. कृपाने थॉमस गुरुजींचं सांगितलं, भिमाबाईंनी जालिंदरचं. सम्राटचं लग्न झालंय का, हे विचारायचं कृपाच्या ओठांवर तीनदा आलं आणि तीनदा तिने ते चहाबरोबर गिळलं. शेवटी भिमाबाईच म्हणाल्या, "पोरी दाखवून दाखवून मी थकले. थांब म्हनतो. कशासाठी, ते आज कळलं मला."

बाराला फोन वाजला. भिमाबाईंनी तो उचलला, हिरवं बटण दाबलं आणि कृपाच्या हातात दिला.

"आई," सम्राटचा आवाज आला. जरा जाड झाला होता. "दिवा लागला का गं? बुधवारपासून इकडे पावसाचे आकडेच येत नाहीयेत. लागला का?"

जुळवलेलं एकही वाक्य कृपाला आठवलं नाही.

"लागला," ती म्हणाली.

पलीकडे एकदम काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. भिमाबाईंनी हातानेच विचारलं, कटला का? कृपाने फोन कानापासून दूर धरून पाहिला. वरचे सेकंद पुढे सरकत होते. उत्तर आलं नाही म्हणून पलीकडे कुणी नाही असं समजू नये. ती थांबली. चुलीवरच्या भाताला कढ आला, भिमाबाईंनी उठून झाकण सरकवलं. मग कृपाने पुन्हा विचारलं.

"सम्राट, आहेस का?"

"आहे," तो म्हणाला. आवाज फुटला होता. "आहे. तू कुठे आहेस?"

"तुझ्या घरी," कृपा म्हणाली.